नकाराचं कलम

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात सर्जिकल सामानाच्या दुकानात अस्मिता सुया घ्यायला उभी होती, तेव्हा खोकं खाली काढता काढता शेठनं सहज विचारलं, "मॅडम, बदलापूर छोड दिया क्या?" ती म्हणाली, नाही, का? "डॉक्टरसाब के यहाँ नई मॅडम आती है ना अभी. कल उनका सामान इधर से गया. वो एकदम बारीक सुई मंगाती है." तिनं हातातली सुई उजेडाकडे धरली आणि पाकिटावरची तारीख वाचली, वाचून झाल्यावर पुन्हा वाचली. मग म्हणाली, "हो, मी सध्या थोडी कमी जाते तिकडे." शेठनं मान हलवली आणि पिशवी बांधून दिली. रस्त्यावर येऊन तिनं स्कूटीच्या डिकीत पिशवी ठेवली. जीन्स धुणाऱ्या कारखान्यांनी सोडलेल्या पाण्यानं नाला त्या दिवशी गडद निळा झाला होता. पुलाच्या कठड्यापाशी एक बाई हातगाडीवर पापड विकत होती. सगळं नेहमीसारखं दिसत होतं, पण मधे कुणीतरी काच लावल्यासारखं, आणि आपण काचेच्या नेमक्या कुठल्या बाजूला आहोत हे तिला कळेना. आपल्याला धक्का बसला आहे असं तिला वाटलं. पण धक्क्याची खूण म्हणून जे काही होतं, छातीत धडधड, तोंडाला कोरड, त्यातलं काही होत नव्हतं. नुसतंच कळलं होतं.

ती भूलतज्ज्ञ होती. स्वतःचं हॉस्पिटल नाही, कुठे पगाराची नोकरी नाही. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत जी लहान लहान खासगी हॉस्पिटलं होती, त्यांचे सर्जन ऑपरेशन ठरलं की तिला फोन करायचे आणि ती बॅग घेऊन अंबरनाथहून निघायची. पेशंट तिला 'भुलीच्या मॅडम' म्हणत आणि नंतर विसरून जात, कारण तिच्याशी त्यांची ओळख होते न होते तोच ते झोपलेले असत. यात तिला कधी कमीपणा वाटला नव्हता. टेबलाच्या डोक्याशी स्टुलावर बसावं, एका हातात रबरी फुगा, दुसरा हात पेशंटच्या हनुवटीखाली. फुगा दाबला की छाती वर येते, सोडला की खाली जाते. समोर सर्जन पोटात काय करतो आहे, ते हिरव्या पडद्यापलीकडे. पडद्याच्या अलीकडचा माणूस तिचा. कुळगावातल्या डॉ. अभिजीतच्या हॉस्पिटलमध्ये तिनं सगळ्यात जास्त तास असे काढले होते. तिचं शिक्षण संपल्यावर पहिला फोन त्यानंच केला होता, आणि त्याचे मित्र असलेले अंबरनाथचे दोन सर्जनही त्याच्याच सांगण्यावरून तिला बोलवायला लागले होते. म्हणजे शेठ जे बोलला ते फक्त बदलापूरपुरतं नव्हतं. स्कूटी सुरू करताना तिच्या लक्षात आलं की अंबरनाथहूनही गेल्या काही दिवसांत फोन आलेला नाही. सुट्ट्यांचे दिवस आहेत, लोक ऑपरेशनं पुढे ढकलतात, असं ती स्वतःला सांगत होती.

त्या हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर अभिजीत राहायचा. वडील आनंदा, बदलापूर गावातले शेतकरी, जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या त्याच वर्षी वारले होते. आई अंजनीबाई मुलाबरोबर कुळगावात राहायला आली, पण वरच्या मजल्यावर तिचा जीव रमायचा नाही. सकाळी ती खाली ओट्यावर येऊन बसायची आणि सुपात वाल सोलायची, बाजूने पेशंट जात येत. पहिल्या दिवशी तिनं अस्मिताला थांबवून विचारलं होतं, "कुनाची गो तू?" अस्मितानं वडिलांचं नाव सांगितलं, भगवान, अंबरनाथला कारखान्यात होते. आडनाव सांगितलं. अंजनीबाईंनी हं म्हणून मान खाली घातली. त्यानंतर बरेच दिवस वरून चहा यायचा तेव्हा सगळ्यांना कपबशी आणि तिला स्टीलचा पेला. अस्मितानं तो पेला पाहिला आणि त्यातून चहा प्यायला. घरी सांगितलं असतं तर नरेंद्र, तिचा धाकटा भाऊ, वकील, त्यानं जाऊन भांडण केलं असतं. मग एका सकाळी अंजनीबाईंचंच पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताना त्यांनी अस्मिताचं मनगट घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. त्यानंतर पेला यायचा बंद झाला. पुढे त्या तिला ओट्यावर शेजारी बसवून घेत आणि डब्यात वालाची आमटी घालून देत. "तुज्या आयेला दे," म्हणत.

मग त्यांच्या हातातून सूप पडायला लागलं. आधी वाटलं वयाचं. मुंबईला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून मरतात. डोकं शाबूत राहतं. हात गेले, पाय गेले, गिळणं अवघड झालं, आवाज बारीक होत होत कुजबुजीवर आला. शेवटी श्वासाचे स्नायू जातील, हे अभिजीतला माहीत होतं आणि अस्मितालाही. अंजनीबाईंना कुणी सांगितलं नव्हतं, पण ज्या बाईनं गोठ्यात जन्मभर जनावरं मरताना पाहिली तिला काय सांगायचं होतं.

अभिजीतनं तिला विचारलं ते कपडे बदलायच्या खोलीत. हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, सकाळचे अकरा वाजले असतील, बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. तो बाकावर बसला होता, डोक्यावरची टोपी हातात. "आई रोज सांगते," तो म्हणाला. "मला सोडव म्हणते. काल संजीवनीलाही म्हणाली." अस्मिताला वाटलं, तो नुसतं सांगतो आहे. "तू रोज लोकांना झोपवतेस," तो टोपीकडे बघत म्हणाला. "एकदा झोपव. उठवू नको, एवढंच. कुणाला कळणार नाही. सर्टिफिकेट मीच देणार आहे." ती बुटांच्या नाड्या बांधत होती. नाडीची गाठ नीट बसेना. "मला जमणार नाही, सर," ती म्हणाली. कुणी जेवायचा आग्रह केला तर म्हणावं तशा आवाजात. "का?" "नाही जमणार." "माझ्या हातून होत नाही म्हणून तुला सांगतोय. मी दोनदा सिरिंज भरून वर गेलो आणि परत आलो." "तुमच्या हातून होत नाही, सर, मग माझ्या हातून कसं होईल?" "तू तिची मुलगी नाहीस," तो म्हणाला. यात दुखवायचा हेतू नव्हता, ते नुसतं खरं होतं. तिनं दुसरी नाडी बांधली आणि उठली. त्यानं एवढंच विचारलं, "वर जाऊन तिला भेटशील?"

ती वर गेली. अंजनीबाईंना खिडकीशी उशांच्या आधारानं बसवलं होतं. संजीवनी, अभिजीतची बायको, वाटीतून चमच्यानं पेज देत होती. तिनं वाटी बाजूला ठेवली आणि बाहेर गेली. अस्मितानं कान त्यांच्या तोंडाशी नेला. श्वासाला पेजेचा वास येत होता. "डाक्तरीन," त्या म्हणाल्या, "मना आता पुरं झालं." मधे थांबून श्वास घेतला. "तुजा हात हलका हाय. सुई कलत नाय." अस्मिता म्हणाली, "आजी, ते मी नाही करू शकत." अंजनीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. डोळे लख्ख होते, रागावलेले नव्हते. मग म्हणाल्या, "मंग घशात नळी नको घालू. ते तरी कबूल कर. त्या शेजारच्या मधूला घातली व्हती तशी नको." अस्मिता कबूल म्हणाली. ते म्हणणं फार सोपं होतं, कारण ती वेळ अजून यायची होती.

जिन्यात संजीवनी उभी होती. "नाही म्हणालात?" तिनं विचारलं. "हो." "तुमचा तो पेला तुम्ही मनात ठेवलाय, मॅडम," संजीवनी हळू आवाजात म्हणाली. "मी ह्यांना तेव्हाच म्हटलं होतं, त्या नाही करणार." अस्मिता खाली आली आणि पेशंटचे कागद भरत बसली. आपण मनात काय ठेवलं आहे ते शोधायचा तिनं प्रयत्न केला. पेला आठवला, त्याच्या काठावरचा पोचा आठवला. पोचा आठवताना काही दुखलं नाही. मग आपण 'नाही' का म्हणालो? लहानपणी विहारात पाठ केलेलं पहिलं शील आठवलं, जीवहिंसेपासून दूर राहीन. तेही तोंडात नुसतंच फिरलं. हजारदा म्हटलेल्या शब्दाचा चोथा होतो तसं. कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं. कारण असलेला नकार माणसाला दुसऱ्यापुढे ठेवता येतो. तिचा नकार आतून आला होता, पण आत गेलं की तिथे कुणी नव्हतं.

नरेंद्रला तिनं सांगितलं ते कितीतरी दिवसांनी, शेठच्या दुकानातून परत आल्यावर. तो कोर्टातून आला होता, काळा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून जेवत होता. आई सुंदराबाई भाकऱ्या थापत होती. नरेंद्रनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तू नाही म्हणालीस म्हणून वाचलीस. आजारी माणसानं स्वतः मागितलं तरी आपल्याकडे तो खुनाच्या जवळचाच गुन्हा धरतात. तुला कुणी जबरदस्ती करू शकत नाही." "जबरदस्ती कुणी केलीच नाही," ती म्हणाली. "मला बोलवायचं बंद केलंय." त्यानं विचारलं, "लेखी काही आहे? करार?" "फोनवर बोलवायचे, मी जायचे." "मग कशावर भांडणार? त्यानं आज हिला बोलावलं, उद्या तिला बोलावलं, त्याची मर्जी." त्यानं आमटी भुरकली. मग जरा वेळानं, आवडत्या विषयावर आल्यासारखा म्हणाला, "बाहेर दोनचार देशांत मरायला मदत करणं कायदेशीर झालंय, मी वाचलं होतं. तिथे लगेच दुसरं कलम घातलंय, की ज्या डॉक्टरला, ज्या नर्सला हे पटत नाही, त्यांच्यावर सक्ती करायची नाही, त्यासाठी त्यांना कामावरून काढायचं नाही. आपल्याकडे मुळात गोष्टच गुन्हा. त्यामुळे नाही म्हणणाऱ्याला संरक्षण लागेल असं कुणाच्या डोक्यात आलंच नाही. कायद्याच्या हिशोबानं तू नाही म्हणालीस म्हणजे काही घडलंच नाही." सुंदराबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "घडलं नाय कसं? पोरगी घरात बसलीय." अस्मिताला नरेंद्रचं वाक्य ऐकून विचित्र सुटल्यासारखं वाटलं. काही घडलंच नाही. गेले कित्येक दिवस तिला नेमकं तेच वाटत होतं.

ती घरात बसली. घरात बसण्याची सवय नव्हती म्हणून खिडकीत बसली. समोरच्या इमारतीतल्या बायका दुपारी गच्चीवर मिरच्या वाळत घालत, संध्याकाळी गोळा करत. तिचा उजवा हात मधूनच आपोआप मिटायचा आणि उघडायचा, फुगा दाबल्यासारखा. मोबाईल उशाशी असायचा. उल्हासनगरहून एखादं सिझेरियन यायचं, ती जायची, यायची. बाळ रडलं की सगळे हसायचे, तीही हसायची. अंजनीबाईंची आठवण यायची तेव्हा त्यांच्या यातना आठवत नसत, ओट्यावरचं सूप आठवायचं आणि सोललेल्या वालाची सालं, चिकट, बोटांना लागणारी. आपण त्यांना त्या खोलीत तसं ठेवून आलो आहोत हे तिला माहीत होतं. रोज सकाळी संजीवनी पेज भरवत असेल, रोज घशात अडकत असेल. माझ्या एका सुईनं हे थांबलं असतं, असा विचार ती मुद्दाम करून बघायची. विचार पूर्ण व्हायचा. त्याच्या टोकाला काहीच नसायचं.

अभिजीतचा फोन आला तेव्हा सकाळची कोवळी उन्हं होती. आवाज त्याचा वाटेना. "ये. ताबडतोब ये. आईचा श्वास बंद पडत चाललाय. नवीन मॅडम पनवेलला आहेत, त्यांना पोचायला वेळ लागेल. नळी घालायची आहे. श्वासाचं मशीन वर आणलंय." ती निघाली. अंबरनाथ ते बदलापूर रस्त्यावर एमआयडीसीच्या ट्रकांची रांग होती, ती कडेच्या मातीतून स्कूटी काढत गेली. हाताला सवय होती, हात चालवत होता.

खोलीत अंजनीबाई अर्धवट बसलेल्या. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या, प्रत्येक श्वासाला खांदे वर येत होते आणि आत फार थोडी हवा जात होती. ओठ निळसर. अभिजीतनं सगळं मांडून ठेवलं होतं, नळ्या, घशात बघायचा दिवा, भुलीचं औषध भरलेलं. मशीन भिंतीशी हलका आवाज करत होतं. "घे," तो म्हणाला. अस्मितानं ऑक्सिजनचा मास्क उचलला आणि अंजनीबाईंच्या तोंडावर धरला. मग खाली वाकली. त्यांना आता बोलता येत नव्हतं. "आजी, ऐकू येतंय का? येत असेल तर डोळे मिटा." डोळे मिटले, उघडले. "नळी घालू? घालायची असेल तर डोळे मिटा." डोळे उघडेच राहिले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग नजर दाराकडे फिरवली, मग परत तिच्याकडे. पापणी हलली नाही. अस्मितानं पुन्हा विचारलं. पापणी हलली नाही.

"तिला काही समजत नाहीये," अभिजीत म्हणाला. "समजतंय, सर." "तू घालतेस की नाही?" "त्यांना नकोय." "अस्मिता, ती मरेल." "हो." तो तिच्याकडे बघत राहिला. "त्या दिवशी मी हात जोडले तेव्हा तू साधू झालीस. आणि आता? आता उपचार नाकारलेस म्हणून मी तुझ्यावर केस करू शकतो. विचार तुझ्या भावाला." ती म्हणाली, "करू शकता." नरेंद्रला विचारायची गरज नव्हती. त्या वेळी नाही म्हणणं ज्या कायद्यात बसत होतं, तोच कायदा आता समोरच्या बाजूला जाऊन उभा होता, हे तिला दिसत होतं. भीती वाटायला हवी होती. हातात मास्क होता, मास्कच्या आत वाफ धरत होती, विरत होती, ती तेवढं बघत होती.

अभिजीतनं दिवा स्वतः उचलला. आईची मान मागे केली. अंजनीबाईंचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर होते. संजीवनी दाराशी उभी होती, ती एकदम म्हणाली, "त्या नको म्हणतात. मला रोज सांगतात. तुम्हाला सांगतात तेव्हा तुम्ही बाहेर जाता." तो थांबला. दिव्याचं पातं आईच्या ओठांपासून चार बोटांवर होतं. मग त्यानं मान हळूच उशीवर ठेवली, दिवा ट्रेमध्ये ठेवला. धातूवर धातू वाजला.

"श्वासाची तडफड कमी करते," अस्मिता म्हणाली. "मॉर्फिन थोडं. झोपवण्याएवढं नाही." त्यानं मान हलवली. खालून औषध आलं. तिनं सिरिंजमध्ये ते काढलं, पातळ केलं, आणि अगदी थोडं दिलं. थांबली. आणखी थोडं दिलं. हेच ते औषध, हीच ती शीर. महिन्यापूर्वी तिला मागितलं होतं ते आणि आज ती देत होती ते, यांच्या मधली जागा सिरिंजवरच्या रेघांएवढी होती. ती त्या रेघांकडे डोळे ताणून बघत होती, आणि तिला कळलं की इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आपल्याला कशाची तरी खात्री आहे. इथवर. याच्या पुढे नाही. मानेच्या शिरा सैल पडल्या. खांदे खाली आले. संजीवनी येऊन पायाशी बसली आणि तळवे चोळायला लागली. खाली ओपीडीत नंबर पुकारत होते, कुणीतरी ते बंद करायला सांगितलं. जेवणवेळेच्या सुमारास श्वासांमधलं अंतर वाढत गेलं, आणि एकदा ते अंतर संपलंच नाही.

अभिजीत गॅलरीत गेला. अस्मितानं मास्क काढला, ऑक्सिजन बंद केला, ओल्या कापसानं अंजनीबाईंचं तोंड पुसलं. मास्कच्या कडेचा वळ गालावर उमटला होता. तो जाईल असं वाटून तिनं बोटानं हलकेच दाबला. तो गेला नाही.

बाराव्याला संजीवनीचा निरोप आला. सुंदराबाई म्हणाली, जा, बोलावलंय तर जावं. बदलापूर गावात जुन्या शेताच्या कडेला मांडव घातला होता, पलीकडे सात मजली इमारतीचं काम चाललं होतं आणि तिथल्या मिक्सरचा आवाज येत होता. अभिजीतचं डोकं भादरलेलं होतं, त्यामुळे तो शाळकरी दिसत होता. त्यानं तिला मांडवाबाहेर आंब्याखाली नेलं. "केसचं बोललो होतो," तो म्हणाला. "ते काही नाही." "बरं." तो जमिनीकडे बघत होता. "नळी मला घालता आली असती. येते मला. पंधरा वर्षं झाली, पण येते. मी तुझी वाट बघत थांबलो. तू नाही म्हणालीस तेव्हा मला," तो थांबला, "बरं वाटलं. आधीही बरंच वाटलं होतं. कपड्यांच्या खोलीत. तू हो म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. दोन्ही वेळा मी तुझ्यावर टाकलं." अस्मिता ऐकत होती. आंब्याच्या खोडावरून मुंगळ्यांची रांग वर जात होती. "तरी तुला परत बोलावता येणार नाही," तो म्हणाला. "टेबलाच्या त्या टोकाला तू बसलेली असशील. मला पोटात हात घालता येणार नाही. तुझा दोष नाही यात." "हो," ती म्हणाली. तो म्हणाला, "अंबरनाथच्यांशी बोलेन मी. माझ्यामुळे हिला बोलवायचं थांबवू नका म्हणेन." "मी उल्हासनगरला सरकारीत लागतेय," ती म्हणाली. "करारावर. एक तारखेपासून." हे तिनं अजून घरीही सांगितलं नव्हतं. त्यानं मान हलवली. "राग आलाय?" त्यानं विचारलं. ती खरोखर बघत होती आत, आलाय का ते. "आला तर कळवेन," ती म्हणाली. तो किंचित हसला, मग त्याचा चेहरा मोडला आणि तो पाठ फिरवून इमारतीकडे बघत उभा राहिला. ती त्याच्या शेजारी तशीच थोडा वेळ उभी राहिली आणि मग मांडवात गेली.

बायकांची पंगत बसत होती. तिला एका म्हातारीशेजारी जागा मिळाली. अंजनीबाईंची चुलत जाऊ, भिमाबाई. "तूच काय गो ती डाक्तरीन?" तिनं विचारलं. "हो." "शेवटाला व्हतीस जवल?" "होते." "लय तरास झाला तिला?" "आधी झाला," अस्मिता म्हणाली. "शेवटी कमी झाला." भिमाबाईनं हं केलं आणि तिच्या मांडीवर हात ठेवला, जड, खरखरीत, आणि तो तसाच राहू दिला. पत्रावळीवर भात आला, आमटी आली, वडे आले. अस्मिता जेवायला लागली. पहिला घास तिनं सवयीनं गिळला. दुसऱ्या घासाला आमटी खारट लागली, बरीच खारट, मीठ दोनदा पडलं असावं. तिनं शेजारी पाहिलं. भिमाबाईच्या लक्षात आलं नव्हतं किंवा ती बोलत नव्हती. खारट आहे, अस्मितानं मनात म्हटलं, आणि आणखी एक घास घेतला, नीट चावून, तेवढंच बघायला. तोवर संजीवनी आमटीचं पातेलं घेऊन ओळीतून येत होती. रडून तिचे डोळे सुजलेले होते. ती अस्मितासमोर वाकली, पळी भरून धरली आणि थांबली. शेजारच्या बायकांनी पत्रावळीवर हात आडवे धरले होते, पुरे, पुरे म्हणत.

"वाढू, मॅडम?" संजीवनीनं विचारलं.

"वाढा," अस्मिता म्हणाली.